साहेब जेवायला गेले

अन्याय झाला तो बाजारहत्नूरकडच्या गुड्यांत, म्हणजे आदिवासी पाड्यांत, फिरून बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीवर, या सोमवारी, संध्याकाळी पाच वाजता. तिचं नाव छापत नाही. ज्या आरोग्य ऑफिसात ती काम करते, तिथंच तिला पुढंही नोकरी करायची आहे.

मी आदिलाबादला त्या ऑफिसात निवेदन द्यायला गेलो होतो. बाकावर शेजारी ती बसलेली. गरीब देशांतल्या आरोग्य-संशोधकांना परदेशी प्रशिक्षण देणाऱ्या एका शिष्यवृत्तीचा अर्ज तिनं भरला होता. ऑफिसातल्या तिच्या साहेबांचं शिफारसपत्र तेवढं जोडायचं राहिलं होतं, आणि पाचला वेबसाइट बंद होणार होती. बाहेर गाडी वाजली की ती उठायची, ओढणी सारखी करायची आणि पुन्हा बसायची. बॅटरी पुरावी म्हणून मोबाइल बंद करायची, की लगेच वेळ पाहायला चालू.

"साहेब नाही म्हणाले का, ताई?"

"नाही कुठं म्हणते, दादा? म्हणते, तू गेली तर सर्वे कोण करन? मी म्हणलं, सर, हेच लिवून द्या ना. याच्याहून चांगली शिफारस कोणती असते?"

"मग?"

"हासले अन् जेवाले गेले. तवापासून पत्ता नाही."

साहेब साडेपाचला आले. "काऊन बसून राह्यली अजून? उद्या पाहू ना."

"जी सर," ती म्हणाली.

कामाचं माणूस हातचं जाऊ नये म्हणून त्याची वाट अडवायची, आणि त्याला ऑफिस चालवणं म्हणायचं. तुमच्याही टेबलावर असं कुणाचं पत्र पडून असेल, तर वाचणं इथंच थांबवा आणि सही करा.