स्टेशनमास्तरांची पिवळी बोगनवेल

"मुळाशी कुणीतरी मीठ ओतलेलं दिसतंय," असं मी बोललो, आणि बोलून झाल्यावर माती चाखून पाहिली. खारट नव्हती.

शहाणा माणूस आधी चाखतो, मग बोलतो. पण समोर स्टेशनमास्तर, रूळ बदलणारा त्यांचा पॉइंट्समन आणि पॅसेंजरची वाट बघणारे चार उतारू उभे होते. शेतकी खात्याचा तज्ज्ञ म्हणून मला मुद्दाम बोलावून आणलेलं. बुंध्याशी पांढरी पापडी दिसली. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून बोललो.

ही गोष्ट कोळशाच्या इंजिनांच्या काळातली. मी तेव्हा दौंडला शेतकी खात्यात फळबागांकडे होतो. लिंबू, डाळिंब, मोसंबी हे माझं काम. बोगनवेल माझ्या कामात बसत नव्हती, पण जवळच्या एका लहान स्टेशनाच्या मास्तरांनी साहेबांना गळ घातली आणि साहेबांनी मला पिटाळलं. स्टेशनाचं नाव सांगत नाही. तिथल्या मंडळींचे पाहुणे अजून लग्नकार्यात भेटतात.

दातार मास्तरांनी टोपी काढून पुन्हा घातली. "मीठ! मी म्हणत नव्हतो? दर इन्स्पेक्शनला हेच. साहेबांचं सलून येणार म्हटलं की हिचा चेहरा उतरतो. हा योगायोग आहे होय?"

"मीठच असेल असं नाही," मी जरा मागे सरलो.

"मग त्याहून जालीम काहीतरी असेल!"

माझं वाक्य आता माझं राहिलं नव्हतं.

त्या वेलीसाठी मास्तरांचा जीव का तुटायचा तेही सांगतो. बड्या साहेबांचा डबा, म्हणजे सलून, फलाटाला लागला की खिडकीतून सगळ्यात आधी दिसायची ती लँपरूमच्या कुंपणावरची बोगनवेल. स्टेशनांच्या बागांची स्पर्धा असे. मास्तरांना पहिल्या बक्षिसाची ढाल पाहिजे होती.

"हे काम हमीदचं," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "रजा मागितली होती. मी नाही दिली. आठ दिवसांत पानं गळायला लागली."

हमीदभाई स्टेशनचे माळी. राहू गावचे. नोकरी हंगामी होती आणि त्यांना कायम करण्याचा कागद मास्तरांच्या शिफारशीनं वर जायचा होता. तो कागद आता टेबलावरच थांबला. उलट त्यांना कामावरून कमी करावं असा रिपोर्ट पाठवायचं मास्तर बोलू लागले. हे सगळं माझ्या एका वाक्यावर.

मी हमीदभाईंना गाठलं. ते हौदाशी बादली धूत होते.

"म्या कशाला वतू सायेब? मांडवगणावरनं फांदी आणून म्याच लावलीय ती. रोज दोन बादल्या पाणी घालतुया. मास्तरचा हुकूम हाय तसा." मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "त्या तुकारामाला इचारा. त्याचा लई वावर असतो तिकडं."

पॉइंट्समन तुकाराम कासुर्डीचा. त्याला विचारलं, तर तो माझ्या कानाशी लागला. "आधीचं मास्तर चिडून गेल्यालं हायती. त्येंनी करणी केली आसंल. तुमी ल्हान हाय, तुमास्नी न्हाई कळायचं."

मी काही लहान नव्हतो. पण चहा आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मास्तर माझ्या औषधांच्या पिशवीकडेही तिरक्या नजरेनं बघतायत. त्या फलाटावर त्या दिवशी संशयातून फक्त सिग्नल सुटला होता.

मग मी जे आधी करायचं ते केलं. पानं बघितली.

झाडाला मीठ किंवा घासलेट घातलं, तर पान कडेनं करपतं आणि जुनं-नवं बघत नाही. इथं जुनी पानं बऱ्यापैकी हिरवी होती. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्यागार, जणू कुणी पानावर हिरव्या शाईनं नदीचा नकाशा काढलाय. हा लोह कमी पडल्याचा आजार. विषबाधा नव्हे, उपासमार.

पण हे मास्तरांना नुसतं सांगून पटलं नसतं. मीठ म्हणणारा माणूसही मीच होतो. म्हणून मी पिशवीतून हिराकस काढला. हा लोहाचा क्षार, शाई करायला वापरतात तो. चिमूटभर पाण्यात विरघळवला आणि कापसाच्या बोळ्यानं काही पिवळ्या पानांना फक्त डाव्या अर्ध्या भागाला लावला. देठांना दोरे बांधले.

"डावी बाजू हिरवी झाली, तर हा उपास आहे. नाही झाली, तर तुमचं खरं," मी म्हणालो. "पुढच्या आठवड्यात येतो. तोवर रिपोर्ट थांबवा."

"थांबवतो. पण हमीद वेलीच्या जवळ फिरकणार नाही. तो फलाट झाडेल. वेलीला कुणीच हात लावायचा नाही."

मी पुढच्या आठवड्यात काही गेलो नाही. मांडवगणच्या लिंबांवर रोग पडला आणि मी तिकडेच अडकलो. स्टेशनवर पोचायला जवळजवळ महिना लागला. उतरलो तर मास्तर दोन्ही हात पसरून सामोरे आले.

"या! बघा तुमच्या डोळ्यांनी!"

वेलीच्या शेंड्यांना किरमिजी झुबके लागले होते. फार नव्हते, पण लांबून दिसत होते.

"हमीदला हटवला आणि वेल फुलली. आता आणखी काय पुरावा पाहिजे? रिपोर्ट लिहून तयार आहे. आज दुपारच्या गाडीनं जाणार."

फलाटाच्या टोकाला हमीदभाई झाडू घेऊन उभे होते. त्यांनी वेलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. फुलं आली होती आणि तीच त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होती.

"मास्तर, महिनाभर पाणी कुणी घातलं?"

"कुणीच नाही. हात लावायचा नाही म्हटल्यावर पाणी कोण घालणार?"

"म्हणूनच फुलली. बोगनवेलीला रोज पाणी घाला, ती पानांतच रमते. तहानेनं कासावीस झाली की रंग धरते. आणि रोज दोन बादल्यांचा हुकूम कुणाचा होता?"

मास्तरांनी टोपी काढली.

मी दोरे बांधलेली पानं दाखवली. डावी बाजू हिरवी, उजवी अजून पिवळी. मास्तरांनी पान तोडून उजेडात धरलं, उलटंपालटं केलं, बोटानं खरडून पाहिलं. मी रंग तर लावला नाही ना, हा संशय चेहऱ्यावर स्पष्ट होता.

"बरं, उपास. पण लोह गेलं कुठं? कुणीतरी काढून नेलं म्हणा!"

मी कुदळ मागितली. बुंध्यापासून हातभर अंतरावर खणलं आणि खड्ड्याची कड साफ केली. काळ्या मातीत पांढरे पट्टे निघाले. एक पांढरा थर, वर माती, पुन्हा पांढरा. चिमटीत घेतल्यावर ओळख पटली. घराघरांत पानाच्या डब्यात असतो तो चुना, आणि मी त्याला मीठ म्हटलं होतं. चुन्याच्या मातीत लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. ताट वाढलेलं आणि हात बांधलेले, अशी गत.

"तुकाराम," मी हाक मारली, "इन्स्पेक्शनच्या आधी सफेदी कोण करतं?"

"म्याच की. विटा, धोंडं, कुंपन, समदं."

"आणि चुन्याचं पिंप?"

"त्ये वेलीमागं. मास्तरच म्हनलं, सायबाला पिंप दिसाया नगं."

"उरलेला चुना?"

"तितंच रिचवतो आन् पिंप धुतो. मंग कुठं वतू, फलाटावर?"

प्रत्येक इन्स्पेक्शनला एक थर. वेल पिवळी पडली की बाग उजळ दिसावी म्हणून मास्तर पुढच्या वेळी जास्त सफेदी करायला सांगत. म्हणजे पुढचा थर आणखी जाड.

मास्तर खाली वाकले आणि त्यांनी चिमूटभर चुना बोटांत चोळला. मग म्हणाले, "चुना आपण पानात खातो. त्याला काही विष म्हणता येणार नाही." एवढीच कबुली. पण रिपोर्टाची घडी कोटाच्या खिशात गेली आणि दुपारची गाडी तो न घेताच सुटली. पुढे हमीदभाई कायम झाले.

चुन्याची माती काढून टाकली. जागी तांबडी माती आणि कुजलेलं शेणखत भरलं, थोडी गंधकाची भुकटी मिसळली. पानांवर पातळ हिराकस फवारायला सांगितला आणि पाणी आठवड्यातून एकदाच. पुढच्या उन्हाळ्यात कुंपण दिसेनासं झालं. ढाल मात्र दुसऱ्याच स्टेशनला मिळाली. परीक्षक त्यांच्या ओळखीचे होते, असा मास्तरांना शेवटपर्यंत संशय होता.

खड्डा खणला त्या दिवशी घरी आलो आणि जेवताना बायकोला सगळं रंगवून सांगितलं. अर्धं पान कसं हिरवं झालं, थर कसे निघाले. झाडाचं दुखणं काढताना तोंड मिटून डोळे उघडे ठेवावेत, हा धडाही सांगितला.

तिनं भाकरी वाढली. "वेलीला औषध सांगून आलात ते ठीक. महिनाभर चोर म्हणून फलाट झाडला, त्या हमीदभाईंना काय सांगून आलात?"

मी आमटी मागितली.

"आधी सांगा," ती म्हणाली.