समोरच्या बाकावरची मैत्रीण

माझ्या नवऱ्याला वर्षातून एकदा संसद चढते. एरवी साधा माणूस आहे. घोडबंदर रोडवरच्या ऑफिसात जातो, ट्रॅफिकला शिव्या घालत परत येतो, आणि भाजीत मीठ कमी पडलं तरी मुकाट जेवतो. पण अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू झालं, राष्ट्रपतींचं अभिभाषण झालं आणि त्यावरच्या चर्चेला उत्तर द्यायला प्रधानमंत्री उभे राहिले, की याच्या अंगात येतं. टीव्हीचा आवाज मोठा, हातात फोन, फोनवर मित्रांचा ग्रुप. "काय धुतलाय बघ! धुऊन वाळत घातलाय!" राज्य कुणाचंही असो, याचा उत्साह तोच. त्याला पक्षाशी देणंघेणं कमी, धुण्याशी जास्त.

मला त्या भाषणाचा राग येतो आणि तो मी घरात लपवत नाही. देशाच्या प्रमुखाने देशाच्या प्रतिनिधींसमोर उभं राहून वर्षाचा हिशोब द्यायचा, पुढे काय करणार ते सांगायचं, एवढी साधी गोष्ट. मी मेथी निवडत ऐकायला बसते. जुडी संपते, पण समोरच्या बाकांवरच्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार काही संपत नाही. टोमणा मारला की मागचे बाकं वाजवणार. बाकं वाजली की बोलणारा सावकाश पाण्याचा घोट घेणार. समोरचेही काही साधुसंत नसतात, त्यांचा आरडाओरडा वेगळाच. "अरे, हे तर नळावरचं भांडण झालं," मी म्हणते. यावर नवऱ्याचं उत्तर ठरलेलं. "तुला कळत नाही गं. हे सगळं आत. बाहेर आले की हेच लोक एकत्र चहा पितात."

यंदा या वेडात आमची मुलगीही सामील झाली. ती नववीत आहे. शाळेत अभिरूप संसद ठरली होती. मुलांनीच खासदार व्हायचं, मुलांमधलाच एक अध्यक्ष, आणि अभिभाषणावरची चर्चा खऱ्यासारखी करायची. आमच्या बाईसाहेब प्रधानमंत्री झाल्या. विरोधी पक्षनेतेपद मिळालं ते तिच्याच बालवाडीपासूनच्या मैत्रिणीला.

ही मैत्रीण वर्तकनगरात आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते, दोन मजले वर. दोघींनी लहानपणापासून दोन घरांचं एक करून टाकलेलं. अभ्यास एकीकडे, खाणं दुसरीकडे, आणि भांडण जिन्यात. माझ्या हातची फोडणीची पोळी तिला इतकी आवडते की शिळ्या पोळ्या उरल्या की मीच वर हाक मारते.

दिवाळीनंतर तिचे वडील घर सोडून कल्याणला वेगळे राहायला गेले. बिल्डिंगमध्ये तिच्या आईने, बदली झालीये, एवढंच सांगितलं. लोक विचारायचे, ती हसून वेळ मारून न्यायची. खरं काय ते तिने फक्त मला सांगितलं. आणि तिची मुलगी माझ्या मुलीपाशी बोलली, आमच्या आतल्या खोलीत, दार लावून. दोघी बाहेर आल्या तेव्हा दोघींचेही डोळे सुजले होते. मी काही विचारलं नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

संसदेची तयारी जोरात सुरू झाली. जेवण झालं की हॉलमध्ये सभागृह भरायचं. नवरा अध्यक्ष, प्रशिक्षक आणि सत्ताधारी पक्ष, सगळं एकटाच. फोनवर जुन्या भाषणांचे तुकडे लावून दाखवायचा. "बघ, इथे कसा थांबला! टोमणा मारला की लगेच पुढे जायचं नाही. पाणी प्यायचं. बाकं वाजू द्यायची. आणि एक बाण शेवटपर्यंत राखून ठेवायचा, समजलं?" मुलगी मन लावून शिकत होती. मी तिचा कागद वाचला होता. मैदान, मुलींची स्वच्छतागृहं, शाळेच्या वेळेत बसच्या वाढीव फेऱ्या. चांगलं लिहिलं होतं. मी निर्धास्त झाले.

शनिवारी शाळेच्या सभागृहात बाकं समोरासमोर मांडली होती. नवरा पहिल्या रांगेत. मी मागे, माझ्या शेजारी मैत्रिणीची आई. ती एसटीत आहे, खोपटच्या डेपोत. मुलीचं भाषण ऐकायला खास रजा टाकून आली होती आणि फोन उंच धरून सगळं रेकॉर्ड करत होती.

तिची मुलगी आधी बोलली. शांतपणे, कसलंही आकांडतांडव न करता. सगळ्यांना सोबत घेतल्याशिवाय कुठलंही घर चालत नाही, तसा देशही चालत नाही, असं काहीसं शेवटी म्हणाली आणि सभागृहात मनापासून टाळ्या पडल्या. दोन्ही बाजूंची मुलं टाळ्या वाजवत होती. मी माझ्या मुलीकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. लहानपणी लंगडीत हरायला लागली की व्हायचे तसे.

मग प्रधानमंत्री उत्तराला उभ्या राहिल्या. मैदान झालं, बस झाली. बाकं वाजली, पण बेताचीच. तिने कागद खाली ठेवला. पाण्याचा घोट घेतला. आणि समोर बोट दाखवून म्हणाली,

"माननीय विरोधी पक्षनेत्या घराच्या गोष्टी करतात. अहो, तुमचे स्वतःचे वडील तुम्हाला सोडून कल्याणला राहायला गेले! आधी त्यांना घरी आणा, मग देशाला शिकवा!"

सभागृह फुटलं. दुसरा शब्द नाही. सत्ताधारी बाकांवरची मुलं दोन्ही हातांनी बाकं बडवत होती, मागे पोरं शिट्ट्या मारत होती. सगळ्यांना वाटलं, काय जोक मारलाय. माझा नवरा खुर्चीचा हात बडवत होता, मागे वळून मला अंगठा दाखवत होता. ही माझी मुलगी आहे, हे मला खरंच काही क्षण पटेना. मी शेजारी पाहिलं. मैत्रिणीच्या आईने फोन अजून तसाच उंच धरलेला. रेकॉर्डिंग चालूच होतं. तिचा चेहरा मात्र पार पांढराफटक पडला होता.

अध्यक्ष झालेल्या मुलाने घंटा वाजवली. "हे वाक्य कामकाजातून काढून टाकण्यात येत आहे," तो घोकलेल्या आवाजात म्हणाला. त्यावर पुन्हा हशा. किती हुबेहूब, असं कुणीतरी मागे बोललं. मग त्याने विचारलं, "माननीय विरोधी पक्षनेत्यांना काही बोलायचं आहे का?" ती उभी राहिली. ओढणी नीट केली. "नाही, अध्यक्ष महोदय," म्हणाली आणि खाली बसली.

उत्कृष्ट संसदपटूचं बक्षीस माझ्या मुलीला मिळालं. पाहुणे म्हणून आलेले एक माजी नगरसेवक माईकवर म्हणाले, "ही पोरगी एक दिवस दिल्ली गाजवणार!" मला त्यांच्या हातातला माईक हिसकावून घ्यावासा वाटला. घेतला नाही.

त्याहून मोठा धक्का पुढेच होता. कार्यक्रम संपल्यावर व्हरांड्यात चहा-समोसे ठेवले होते. माझी मुलगी चहाचे दोन कागदी कप घेऊन, सांडू नयेत म्हणून जपून चालत, सरळ मैत्रिणीकडे गेली. हसत होती. "चल गं, चहा पिऊ." मैत्रिणीने कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. वळली आणि गेटकडे चालू लागली. माझी मुलगी दोन कप धरून तशीच उभी. तिला खरोखरच कळलं नव्हतं.

मैत्रिणीची आई माझ्यापाशी थांबली. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मी तिला बजावलेलं, कुणाला सांगू नकोस. तर मला बोलली, आई, हिला सांगितलं म्हणजे कुणाला सांगितलं असं होत नाही गं." आणि मुलीच्या मागे गेली.

घरी येऊन दार लावलं आणि नवऱ्याला खरं काय ते सांगितलं. तो मटकन सोफ्यावर बसला. मुलगी ट्रॉफी हातात घेऊन उभी होती.

"का बोललीस तसं?" मी विचारलं.

"मी विरोधी पक्षनेत्याला बोलले. तिला नाही."

"तिचे वडील गेलेत. विरोधी पक्षनेत्याचे नाही."

"पण आई, सगळे असंच बोलतात! टीव्हीवर तर किती बोलतात, घरच्यांवरून पण बोलतात. आणि नंतर एकत्र चहा पितात. बाबाच बोललेले ना?"

माझा हात उठला होता. खाली घेतला. नवऱ्याने मान वर केली नाही. मी इतकी वर्षं त्या भाषणांना नळावरचं भांडण म्हणून हसत होते. ते माझ्या हॉलमध्ये राहायला आलंय, माझ्या लेकराच्या तोंडात बसलंय, याची मला गंधवार्ताही नव्हती. मला भीती वाटली. स्वतःच्या पोटच्या पोरीची भीती वाटली, हे लिहितानाही विचित्र वाटतं.

रविवारभर ती फुरंगटून होती. सोमवारी शाळेतून आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. दप्तर टाकलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मधल्या सुट्टीत पोरं मैत्रिणीला बघून "कल्याण! कल्याण!" ओरडत होती म्हणे. बाकं वाजवून. ती भिंतीकडे तोंड करून डबा खात होती. "मी त्यांना गप्प बसा बोलले," मुलगी म्हणाली. "तर मलाच बोलले, तूच चालू केलंस ना."

"मग आता?"

"मी वर जाऊ?"

"मला नको विचारूस," मी म्हणाले.

ती गेली. मी कणीक मळायला घेतली, पण लक्ष सगळं जिन्याकडे. वर आवाज चढतोय का, दार आपटतंय का, कान देऊन ऐकत होते. काहीच ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने ती खाली आली. डोळे पुसत होती.

"दार उघडलं तिने?"

"हो. आत पण घेतलं. मी सॉरी बोलले. खूप वेळा बोलले. काकूंना पण बोलले."

"मग?"

"ती बोलली, ठीक आहे, माफ केलं."

"अगं, मग रडतेस कशाला?"

मी कणकेचे हात तसेच ठेवून तिच्यासमोर उभी राहिले.

"बोलली, उद्यापासून शाळेत एकत्रच जाऊ. अभ्यासाला पण ये. खेळायला पण ये." तिने नाक ओढलं. "फक्त आता तुला काही सांगणार नाही, बोलली."