घोटभर चहा

काल नाटक ऐन रंगात असताना शेजारच्या खुर्चीतल्या सिगरुनने माझं मनगट असं आवळलं, की घड्याळाचा पट्टा कातडीत रुतला.

ही सिगरुन आइसलँडची नाटककार. आधी मासळीच्या कारखान्यात कामाला होती, आता वीस वर्षं नाटकांवरच जगते. तिच्या एका नाटकाचं मराठी मी केलं आणि पहिल्या प्रयोगाला ती आली. तिकडे तिची ख्याती गंभीर नाटककार म्हणून. "मी विनोदीच लिहिते गं, पण कुणी हसतच नाही," ती मला म्हणाली होती. मला ती थट्टाच वाटली.

नाटकात मायलेकी कडाकडा भांडतात. मुलगी बॅग उचलते. "परत तोंड दाखवणार नाही!" मूळ नाटकात यावर आई 'कॉफी ठेवते, घोटभर घे' एवढंच म्हणते. मी लिहिलं, "बरं. चहा टाकते, घोटभर घेऊन जा."

सभागृह खदखदून हसलं. मागून एक बाई म्हणाल्या, "अगदी आमच्या आई!"

"स्टेजवरची आई काय म्हणाली?" सिगरुनने मनगट धरलं ते तेव्हा.

"तुझंच वाक्य. फक्त कॉफीचा चहा केलाय."

आपलं हसू कुठल्या गावात राहतं, हे लिहिणाऱ्याला तरी कुठे ठाऊक असतं! मी हे मनात घोळवतेय तोवर सिगरुन खुर्चीत चक्क उलटी वळली. रंगमंचाकडे पाठ, डोळे प्रेक्षकांवर.

"हसण्याच्या अजून सहा जागा आहेत," ती कुजबुजली. "हसतील?"

"गप्प बस आणि बघ," मी म्हटलं, आणि तिच्याबरोबर मीही मागे वळले.