मुकुंदवाडीचं राहिलेलं घर

ही गोष्ट बारा वर्षं मी कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, पाळकसाहेबांना नाही, प्रार्थनेतसुद्धा नाही. प्रार्थनेत मी तिच्या कडेकडेनं जायचे. 'कळत नकळत झालेल्या चुका' असं म्हणायचे आणि लगेच आजाऱ्यांच्या विषयाकडं वळायचे. पण ही चूक नकळत झालेली नव्हती. परवाच्या शनिवारी ती मी एका व्यक्तीला सांगितली. आता तुम्हाला सांगते आहे.

आधी माझ्याविषयी थोडं. मी याद्या करणारी बाई आहे. वाण्याची यादी, मुलांच्या डब्यांची यादी, महिला मंडळाच्या भेटींची यादी. रात्री उद्याची यादी फ्रिजवर लागली की मगच मला झोप येते. सासूबाई म्हणायच्या, "हिला देवानं हातात वही देऊनच धाडलं." चर्चमध्येही सगळे निर्धास्त असायचे. कुणाच्या घरी प्रार्थना आहे, फुलं कुणाकडं आहेत, कोण आजारी आहे, सगळं मला विचारा. मी विसरत नाही, अशी माझी ख्याती होती. ती खरीही होती. मी विसरले नव्हते — हेच तर सांगायचं आहे.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. ती कुणी शिकवत नाही, पण सगळे पाळतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. लोक उठून पुढं जातात, गुडघे टेकतात, भाकर आणि द्राक्षरस घेतात. ज्याच्या मनात कुणाविषयी अढी असेल, तो मात्र उठत नाही. आधी मन साफ करायचं, मग मेजाजवळ जायचं. आणि कोण बाकावर बसून राहिलं, ते सगळ्या चर्चला दिसतं.

मार्थामावशी दीड वर्ष बसून राहत होत्या. दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढलेली बाई, ताठ, पांढऱ्या साडीतली. त्यांचे यजमान गेले ते मोठ्या दवाखान्यात, नळ्या लावलेल्या अवस्थेत. त्यांना घरी यायचं होतं. मुलीनं, शैलानं, येऊ दिलं नाही. तिला वाटलं होतं, ते वाचतील. मातीच्या दिवशी सगळ्यांसमोर मावशी तिला म्हणाल्या, "तुझ्यापायी त्यांना घर दिसलं नाय." तेव्हापासून मायलेकी एकाच चर्चमध्ये यायच्या आणि दोन टोकांच्या बाकांवर बसायच्या. शैला पुढं जायची. मावशी जायच्या नाहीत.

पुढं मावशी न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मुकुंदवाडीतल्या आपल्या दोन खोल्यांत त्या अंथरुणाला खिळल्या. शेजारची अनिता त्यांचं करायची. शैला सिडकोत राहायची, दहा मिनिटांवर. पण जायची नाही. आईनं बोलावलेलं नव्हतं.

आता तो आठवडा. मे महिना होता. सुट्टीत आम्ही मुलांची सहा दिवसांची शाळा घेतो, तिला व्हीबीएस म्हणतो. गाणी, गोष्टी, पाठांतर, हस्तकला, सरबत. साठ मुलं, चार शिक्षिका आणि प्रमुख मी. माझी मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. नवऱ्याची त्या आठवड्यात नेमकी दुसरी पाळी. सकाळी सहाला उठायचं, दोघांना आंघोळी घालायच्या, स्कूटरवर एकाला पुढं आणि एकीला मागं घेऊन सातला छावणीतल्या चर्चमध्ये पोचायचं. दुपारी एकला परत. मग स्वयंपाक, धुणं, कूलरमध्ये पाणी, उद्याच्या हस्तकलेची तयारी, संध्याकाळी शिक्षिकांची प्रार्थना. रविवारी पाचला मुलांचा समारोपाचा कार्यक्रम. त्यात माझी मुलगी एक अख्खं स्तोत्र तोंडपाठ म्हणणार होती. आदल्या वर्षी पाळकसाहेब घरभेटींवरून उशिरा आले, कार्यक्रम लांबला आणि तिची पाळी येईपर्यंत निम्मे बाक रिकामे झाले होते. या वर्षी तसं होऊ द्यायचं नाही, हे मी ठरवलं होतं.

हे सगळं मी का सांगते आहे? दगदग होती म्हणून तुम्ही मला सूट द्यावी, असं वाटतं का मला? इतकी वर्षं मी स्वतःला तीच सूट देत आले. तेव्हा ते राहू दे.

मंगळवारी अकराच्या सुमारास मावशींचा फोन आला. मी चर्चच्या व्हरांड्यात पुठ्ठ्याच्या मेंढ्या कापत होते. शेजारी माझा मुलगा मेंढ्यांचा कापूस स्वतःच्या केसांना चिकटवत होता.

"अगं, या रविवारी मला प्रभुभोजन घ्यायचंय," मावशी म्हणाल्या. "पाळकसाहेबांना इकडं धाडशील ना?"

"धाडते की," मी म्हणाले. आजाऱ्यांच्या घरी पाळकसाहेब उपासनेनंतर जातात. त्या घरांची यादी मीच करायचे.

"आन् शैलाला बी सांग. तिनं बी त्या वेळी यावं. मी सांगितलं तर यायची नाय, लई रागात हाय. तू सांग."

मी होकार दिला. यादीत दोन ओळी लिहिल्या. 'मुकुंदवाडी — मार्थामावशी.' त्याखाली 'शैलाला फोन.' संध्याकाळी पाळकसाहेबांना मावशींचं नाव सांगितलंही.

दीड वर्ष बसून राहिलेली बाई प्रभुभोजन मागते आहे आणि मुलीला शेजारी बोलावते आहे — याचा अर्थ आमच्या चर्चमधल्या कुठल्याही मुलानं सांगितला असता. मला कळला नाही का? कळला होता. म्हणूनच तो फोन मला जड वाटला. शैला रडणार, सगळं पहिल्यापासून सांगणार, तासभर जाणार. मंगळवारी मेंढ्या होत्या. बुधवारी मुलाला ताप आला. गुरुवारी सरबताची पावडर संपली. रोज रात्री ती ओळ मी पुढच्या दिवसाच्या यादीत उतरवायचे. शुक्रवारी शैला स्वतः चर्चच्या दारात भेटली. तिची चार वर्षांची रिया व्हीबीएसला यायची, तिला न्यायला आली होती. आम्ही मुलांच्या उन्हाळ्याविषयी बोललो. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मागं तीन बायका उभ्या होत्या, हातात गोंदाची बाटली होती. मी म्हणाले, "रियाला उद्या टोपी घालून पाठव."

शनिवारी रात्री मी हिशेब मांडला. पाळकसाहेब मुकुंदवाडीला गेले आणि शैला तिथं नसली, तर मावशी विचारणार, 'तिला निरोप दिला का?' माझं न केलेलं काम पाळकसाहेबांसमोर उघडं पडणार. शिवाय मुकुंदवाडी टोकाला. बाकीची चार घरं छावणीच्या आसपास. ते घर वगळलं तर पाळकसाहेब चारला परत येतात, कार्यक्रम पाचला सुरू होतो.

मी ते घर वगळलं. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी यादी पाहिली. "मार्थाबाईंचं बोलली होतीस ना?" त्यांनी विचारलं.

"त्या पुढच्या महिन्यात बघू म्हणाल्या," मी म्हणाले.

किती सहज आलं ते वाक्य! विसरले म्हणाले असते, तर ते हसले असते आणि गेले असते. पण मी विसरत नाही ना.

कार्यक्रम पाचला सुरू झाला. माझ्या मुलीनं स्तोत्र न अडखळता म्हटलं. बाक भरलेले होते. फोन पर्समध्ये होता. नंतर पाहिलं तर मावशींचे दोन मिस्ड कॉल.

आता खरी गोष्ट. इथवर जे सांगितलं, ते आळस आणि भित्रेपणा म्हणून खपलं असतं. यापुढचं खपणारं नाही.

सोमवारी सकाळी मी मावशींना फोन लावला. म्हणाले, पाळकसाहेबांना वेळच झाला नाही हो. त्या म्हणाल्या, असू दे. अनितानं खोली धुऊन काढली होती, मेजावर पांढरं कापड घातलं होतं. ते आता तिला घडी करून ठेवायला सांगते म्हणाल्या. मग विचारलं, "शैलाला सांगितलंस का गं?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

मी थांबले. थांबले, हे मला पक्कं आठवतं. खरं बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता.

"बघते म्हणाली."

मग मावशी म्हणाल्या, "बरं. कामात असंल पोर." आणि माझ्या मुलीचं पाठांतर कसं झालं, ते विचारलं. मी सविस्तर सांगितलं.

गुरुवारी पहाटे मावशी झोपेतच गेल्या. मुलीनं आपल्याला 'बघते' असं उत्तर दिलं, एवढंच घेऊन गेल्या.

तिसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेला मी चहा देत होते. शैलानं पाळकसाहेबांना हळूच विचारलं, "आईनं प्रभुभोजन मागितलं होतं का?" पाळकसाहेब सरळ माणूस. त्यांना ठाऊक होतं तेच त्यांनी सांगितलं. नाव आलं होतं, पण पुढच्या महिन्यात बघू असं त्यांनीच कळवलं. शैलानं मान हलवली. आईनं माफ करायचं मनात आणलं आणि शेवटच्या घटकेला नको म्हणाली — तिनं दुसरं काय समजायचं? मी ट्रे घेऊन चार पावलांवर उभी होते. तिलाही एक कप दिला.

त्या दिवसानंतर शैला प्रभुभोजनाला उठली नाही. बारा वर्षं. सगळ्यांना वाटतं, तिची आईवरची अढी गेली नाही. ती कुणाला काही सांगत नाही. एकदाच मला म्हणाली होती, "आईनं ज्या मेजावर मला बसू दिलं नाही, तिथं मी कशी जाऊ?" मी तिचा हात हातात घेतला. हो, घेतला. मी शैलाशी फार चांगली वागत आले. तिच्या ऑपरेशनच्या वेळी पंधरा दिवस डबा पोचवला, रियाच्या अभ्यासाकडं पाहिलं. ती लोकांना सांगायची, आई गेल्यावर हिनंच मला सांभाळलं. हे ऐकून मी घरी येऊन जेवायचे, याद्या करायचे, झोपायचे. माझी झोप कधी उडाली, असं मी सांगितलं तर ते खोटं होईल.

गेल्या महिन्यात रियाचं दृढीकरण झालं. त्या दिवशी मुलं पहिल्यांदा प्रभुभोजन घेतात आणि आईवडील सोबत पुढं जातात. रिया उठली, आईकडं पाहिलं, हात पुढं केला. शैलानं मान हलवली. पोरगी एकटीच बाकांमधल्या वाटेनं निघाली आणि दोनदा मागं वळून पाहत राहिली. तिच्या मागच्या रांगेत मी होते. मी पुढं गेले, गुडघे टेकले आणि घेतलं. बारा वर्षं दर महिन्याला घेत आले आहे.

परवाच्या शनिवारी दुपारी मी शैलाच्या घरी गेले. ती जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होती. मी बसले नाही. क्रमानं सांगितलं — मंगळवारचा फोन, आईचा निरोप, शुक्रवारी दारात न बोललेलं, पाळकसाहेबांना मारलेली थाप. शेवटी सोमवारचं. 'बघते म्हणाली' हे शब्दही जसेच्या तसे उच्चारले. क्षमा मागितली नाही. माफ करण्याचं आणखी एक काम मी तिच्यावर टाकलं असतं.

तिचे हात थांबले नाहीत. पानं एकीकडं, काड्या एकीकडं. जुडी संपली तेव्हा तिनं मान वर न करता विचारलं, "आईचा फोन कोणत्या वारी आला होता म्हणालीस?"

"मंगळवारी. सकाळी अकराला."

"मंगळवारी मी घरीच होते," शैला म्हणाली. "दिवसभर."