स्वस्त इअरफोन आणि आत्याचा धवला

त्या दुकानदाराला मी वीट आणला होता, हे मला मान्य आहे. धामणकर नाक्यावर चार्जर, मोबाइलची कव्हरं आणि इअरफोन विकणारं त्याचं टपरीएवढं दुकान होतं. आधी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आलेला आणि मग या धंद्यात पडलेला उत्तरेकडचा माणूस. मी रिक्षातून उतरताना दिसले की तो एकदम कामात गढून जायचा.

"मॅडम, सब एक ही है," तो म्हणायचा. "बेस देखो, बेस. दिमाग हिल जाएगा."

मला दिमाग हलवून घ्यायचा नव्हता. मला आत्याचे शब्द नीट ऐकू यायला हवे होते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, आमच्या कामतघर गावातली धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात विधी चालू असताना जी बाई धवले, म्हणजे लग्नाची गाणी गाते, ती धवलारीण. वाद्य नाही, माइक नाही. पुढे ती बसणार आणि मागे चार-पाच बायका तिची ओळ उचलणार. आत्या गायला लागली की रस्त्यावरचे पुरुषसुद्धा गप्प व्हायचे. ती आदल्या वर्षी गेली आणि नेमकं आता माझ्या भावाचं लग्न ठरलं होतं.

"हलदीला डीजे लावू," वडील म्हणाले. "आता कोन हाय गानारं?"

माझी आई प्रत्येक लग्नात आत्याच्या मागे बसायची. म्हणून तिला विचारलं, तर भाकरी थापताना मान न वळवता म्हणाली, "मना न्हाय येत. मागं बसून नुसती री ओढायची."

मला संताप आला. आत्याच्या भाच्याची हळद आणि तिचा एक धवला नाही? मग मीच शिकणार, असं मी जाहीर करून टाकलं. घरात कोणी हसलंसुद्धा नाही, यावरून त्यांनी मला किती मनावर घेतलं ते समजा.

माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या लग्नात कोणीतरी टेप लावून ठेवला होता, त्याची कॅसेट घरी होती. माझ्या कॉम्प्युटर क्लासमधल्या एकाने ती माझ्या छोट्या एमपी थ्री प्लेअरमध्ये भरून दिली. पण शब्द कळतील तर शपथ. एक तर कॅसेटची खरखर. त्यात आमच्या घराला चिकटून भाड्याने दिलेली लूमची शेड. लाइट गेली की लूम थांबायचे आणि लगेच जनरेटर सुरू व्हायचा. त्या खटखटीत जन्मले, वाढले, अभ्यास केला. ती मला कधी ऐकूच यायची नाही. धवला ऐकायला बसले तेव्हा पहिल्यांदा ऐकू आली.

प्लेअरबरोबर आलेले इअरफोन बटणासारखे, कानाच्या दारात बसणारे. लूमपुढे त्यांचं काय चालणार? म्हणून मी कानाच्या आत घालायच्या, रबर लावलेल्या इअरफोनच्या मागे लागले. स्वस्तातल्याच. संगीतातलं मला काही कळत नाही. सूर जरा इकडेतिकडे झाला तरी मला गाणं आवडतं. पण आत्याचा आवाज मी ओळखत होते आणि परीक्षेला तेवढं पुरे होतं.

पहिल्या जोडीत आत्या गादीखाली बसून गात होती. तो बेस. दुसऱ्या जोडीत प्रत्येक 'स' कानाला टोचायचा आणि बायकांच्या बांगड्या नुसत्या किणकिणायच्या. शेवटी दुकानदाराने खालच्या खणातून एक साधी काळी जोडी काढली. "इसमें बेस नहीं है, मॅडम. कोई लेता नहीं," तो पडेल आवाजात म्हणाला. बरोबर लहान, मधले आणि मोठे रबर होते. मी मधले घालून पाहिले, मोठे घालून पाहिले. डावा सारखा निसटायचा. मग डाव्या कानाला लहान आणि उजव्याला मोठा लावला. माझे दोन कान सारखे नाहीत, हे मला त्या दुकानात कळलं.

आणि नाका गेला. ट्रकांचे हॉर्न, रिक्षावाल्यांच्या आरोळ्या, मागच्या गल्लीतले लूम, सगळं कोणीतरी उचलून लांब नेऊन ठेवलं. माझ्या आयुष्यातली ती पहिली शांतता. दुकानदाराचे ओठ हलत होते. त्या शांततेत आत्याने श्वास घेतला. मी तो श्वास ऐकला. मग तिने पहिला शब्द उचलला आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ती माझ्यासमोर हातभर अंतरावर बसली होती. मी भर रस्त्यात रडायला लागले. बिचारा दुकानदार घाबरून म्हणाला, "दूसरा दिखाऊँ?"

घरी येऊन मी जिन्यात बसले आणि ऐकतच राहिले. काय काय होतं त्यात! कोणाचा तरी खोकला, हळदीच्या ताटलीवर वाजलेली अंगठी, आत्याने मध्येच गिळलेला आवंढा. एवढं सगळं त्या कॅसेटमध्ये इतकी वर्षं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. मी थक्क झाले होते.

मग मला ते लक्षात आलं. आत्या ओळ सुरू करायच्या जरा आधी, तिच्या आवाजाच्या खाली तोच शब्द कोणीतरी म्हणत होतं. अगदी हळू. आधी वाटलं, कॅसेटचा दोष. मग इअरफोनला शिव्या दिल्या. पण एका ठिकाणी आत्या भलत्याच ओळीवर गेली, खालच्या आवाजाने बरोबर शब्द दिला आणि आत्या मुकाट वळून त्या ओळीवर आली. मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. पुढेही तसंच. सगळे धवले. प्रत्येक ओळ.

तो आवाज मी ओळखला. रोज सकाळी मला उठवणारा आवाज होता तो.

आई मासे साफ करत होती. तिला हात धुवायला लावले आणि इअरफोन तिच्या कानात बसवले.

"लूम बंद पडलं काय?" ती मोठ्याने म्हणाली. मग धवला सुरू झाला. तिचा चेहरा आधी हसरा झाला, मग उतरला. ओठ हलायला लागले, आत्याच्या जरा आधी.

"ती इसरायची गं!" आई एकदम ओरडून बोलली. कानात इअरफोन असलेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही. "गला देवानं दिलता, पन ध्यानात न्हाय ऱ्हायाचं!"

मी घाईने तिच्या कानातला एक काढला. बाहेर वडील बसले होते, पण लूमच्या खटखटीत त्यांना काही ऐकू गेलं नाही. आयुष्यात तेवढ्यापुरते मी लूमचे आभार मानले.

"मंग तू गा ना," मी म्हटलं.

"आनि बायका इचारतील, कवा शिकली? आपसूक समजंल सगल्यांना. गेलेल्या मानसाचा मान जाईल."

मग मीच गाणार, असं म्हणून मी तिला एक ओळ गाऊन दाखवली. आईने डोळे घट्ट मिटून घेतले. "नको गं बाय," ती म्हणाली. "तू तर तिचं नावच बुडवशील."

हळदीच्या दिवशी सकाळपर्यंत ती काय करणार, मला ठाऊक नव्हतं. डीजेचे बॉक्स येऊन पडले होते. बायका मांडवात बसल्या. पुढचा, आत्याचा पाट रिकामा होता. आई नेहमीसारखी त्याच्या मागे बसली, पदर सारखा केला आणि तिथूनच तिने धवला धरला. तो आवाज मी त्या इअरफोनमध्ये तळाशी ऐकला होता. उघड्यावर तो किती मोठा होता, हे मला सांगता येणार नाही. नवरदेव हळदीचे हात तसेच धरून बसला.

पहिला धवला संपल्यावर शेजारची काकू डोळे पुसत म्हणाली, "अगदी तिच्यावानी गं. कवा शिकलीस?"

"तिनंच शिकवलं," आई म्हणाली. "मागं बसून बसून आलं."

काकू माझ्याकडे वळली. "खरं काय गं?"

मी भांडखोर आहे. खोटं ऐकलं की मला राहवत नाही, हे सगळ्या कामतघराला माहीत आहे. त्या मांडवातल्या प्रत्येक बाईला ओरडून सांगावंसं वाटत होतं की इतकी वर्षं तुम्ही कोणाला ऐकत होतात. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती रिकाम्या पाटाकडे बघत होती.

"हो," मी म्हटलं. "आत्यानंच शिकवलं."