रंगूबाईच्या घरचं सोयर

रंगूबाईचं आणि माझं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. बिरवाडीत आमची घरं समोरासमोर. तिच्या घराला लागून मागं दोन खोल्या, आणि दोन्हींत कारखान्यातले परप्रांतीय भाडेकरू. सकाळी मी चूळ भरायला बाहेर यावं तर समोर न कळणारी बोली आणि दोरीवर अनोळखी लुंग्या. माझं डोकं तिथूनच तापायचं.

त्याला कारण होतं. माझा प्रवीण आयटीआय करून दोन वर्षं एमआयडीसीच्या गेटावर चपला झिजवत होता. कंत्राटदाराला गावचा पोरगा नको असतो. गावचा पोरगा सणाला घरी राहतो आणि उलटून बोलतो. लांबून आलेला माणूस बारा तास मान खाली घालून राबतो. शेवटी प्रवीण भांडुपला गेला. त्याची जागा समोरच्या खोलीतल्या सुकांतनं खाल्ली, असं मी मनाशी धरून बसलो. हे एकदा रंगूबाईला ऐकवलं तेव्हा ती तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "तुझं भांडाण गेटाशी हाय, मोरू. त्ये माझ्या दारात आणू नको." मला ते पटलं नाही.

तसं पाहिलं तर ती स्वतःच बाहेरची. पोलादपूरच्या वर डोंगरात तिची वाडी होती. नवरा गेला, आणि पुढच्याच पावसात घरामागची दरड खाली आली, तेव्हा मुलगा मंगेशला घेऊन ती इथं आली. घर बांधलं, पण गावकीनं तिला अकरा वर्षं मोजलंच नाही. आमच्याकडं शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते. जिच्या अंगणात पालखी थांबते ती गावची, बाकीची नुसती राहणारी. अकरा वर्षं पालखी तिच्या फाटकावरून सरळ पुढं जायची आणि ती आरतीचं ताट घेऊन आत उभी असायची. बाराव्या वर्षी गावकीचं मन वळलं. त्या शिमग्याला तिनं अंगण असं सारवलं होतं की पाय टेकवायला संकोच वाटावा.

यंदाचा शिमगा तिच्यासाठी त्याहून मोठा होता. मंगेश आणि सून मुंबईत नोकरीला, आठ वर्षांची नात अक्षदा आजीजवळ. पावसाळ्यात पोर तापानं फणफणली, पंधरा दिवस महाडच्या दवाखान्यात होती. त्या दिवसांत बाईनं नवस बोलला: पोर उठली तर माझ्याच अंगणात तिला पालखीखालून काढीन. पोर उठली. देवीचा नवस राहिला तर काय होतं, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही.

पौषात गावकीची बैठक झाली होती. अध्यक्ष हैबतीनाना. परप्रांतीयांचा विषय निघाला आणि जो तो आपापलं गाऱ्हाणं घेऊन उठला. किराणावाली सारिका तेवढी म्हणाली की ही माणसं गेली तर मी दुकानात माश्या मारत बसू काय. तिचं कुणी ऐकलं नाही. ठराव झाला: त्यांची वर्गणी घ्यायची नाही, पालखी बसते त्या सहाणेच्या चौथऱ्यावर त्यांना येऊ द्यायचं नाही, त्यांचा गावाशी आणि गावच्या घरांशी काहीही संबंध नाही. शेवटचं वाक्य माझं. लिहिताना बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

आणि पालखीच्या आठ दिवस आधी सुकांतची बायको मिनती महाडला बाळंत झाली. मुलगा. तिसऱ्या दिवशी ती खोलीवर आली. तिचं माहेर ओडिशात, मदतीला कोण येणार? रंगूबाईनंच बाळाला न्हाऊ घातलं, बाळंतिणीला शेक दिला. पाचवीसुद्धा तिनंच पूजली, स्वतःचा पाटा-वरवंटा मांडून.

पालखीच्या आदल्या दिवशी हैबतीनानांचा निरोप आला: घरात जन्म झालाय, दहा दिवस सोयर, पालखी तुझ्या अंगणात येणार नाही. त्या लोकांना आजच दुसरीकडं हलव, मग बघू.

संध्याकाळी बाई देवळात आली, मागून मुंबईहून आलेला मंगेश. आम्ही सगळे बसलेलो. ती म्हणाली की ठराव वाचा. नानांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी वाचला. मग तिनं सरळ विचारलं की त्यांचा गावच्या घराशी संबंध नाही असं तुम्हीच लिहिलंय, तर त्यांचं सोयर माझ्या घराला कसं लागलं? मी मान खाली घातली. माझंच वाक्य तिनं माझ्या तोंडावर मारलं होतं.

नाना हार मानणारे नव्हेत, पण वाईटही नव्हेत. त्यांनी तोड काढली. उद्या पालखी फाटकाशी येईल. बाईनं देवीसमोर एवढंच सांगायचं की ती माणसं आमची कुणी नव्हेत, आमच्या घरी सोयर नाही. मग पालखी आत. मंगेशनं आईच्या आधीच हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालूबाजा वाजवत आम्ही तिच्या फाटकाशी आलो. पुढच्या दांडीला उजवा खांदा माझा. अंगण सारवलेलं, मधोमध रांगोळी. अक्षदा नवं परकर-पोलकं घालून ओणवं होण्याच्या तयारीत उभी. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, फटीत मिनती दिसत होती. तिला आता बरंच मराठी कळायचं. नानांनी हात वर केला, बाजा थांबला.

"सांग गो रंगूबाय," नाना म्हणाले.

बाईनं आरतीचं ताट हातात धरून मागच्या दाराकडं पाहिलं. मंगेश कानाशी पुटपुटला, आपलं काय जातंय, बोलून टाक. मागची पोरं चुळबुळायला लागली, अजून चाळीस घरं व्हायची होती. माझा खांदा दुखत होता आणि मनात मी म्हणत होतो, बोल बाई, एक वाक्य तर आहे. ज्या बाईशी माझं कधी पटलं नाही तिच्यासाठी मी देवीला गाऱ्हाणं घालत होतो.

"नाना," ती म्हणाली, "काल मी तुमच्याशी वाद घातला. मानसांशी घालता येतो. पन त्या पोराची पाचवी मी पूजलीय. देवीपुढं कसं सांगू, माझं कोन नाय म्हनून?" तिनं ताट खाली ठेवलं. "माझ्या घरात सोयर हाय. पालखी म्होरं न्या."

मंगेश ओरडलाच, "आई, नवस!"

नाना गोंधळले. त्यांना हे नको होतं. हलक्या आवाजात म्हणाले की असं केलंस तर पुढच्या वर्षी गावकी काय ठरवील ते माझ्या हातात नाही. बाईनं मान हलवली. तिला ते ठाऊक होतं.

मला राहवलं नाही. दांडीखालूनच म्हणालो, "काकी, पोरीला माझ्या अंगणात धाडा. तिथं पालखी थांबनारच हाय. तिथनं खालून काढू, नवस अर्धा तरी फिटंल." मंगेशनं लगेच अक्षदाचा हात धरला आणि दोघं फाटकापर्यंत आले. मला वाटलं, मोरू, आयुष्यात एकदा तरी शहाण्यासारखं बोललास.

रंगूबाई फाटकात आडवी उभी राहिली. डोळे भरलेले होते, आवाज नव्हता भरलेला.

"ती काय येगळ्या घरची हाय?" ती मला म्हणाली. "तिला बी सोयर हाय, मोरू. भाऊ झालाय तिला."