ह्यांचं हसू छापून आलं

आमचे हे भ्याले की हसतात. सासरे गेले तेव्हा सगळं घर धाय मोकलून रडत होतं आणि हे कोपऱ्यात उभे राहून "हॅ हॅ" करत होते. चुलतसासऱ्यांनी कानाखाली द्यायला हात उचलला, तो थोरल्या नणंदबाईंनी वरच्यावर धरला. घाबरलाय हो तो, म्हणाल्या. घरच्यांना हे कळतं. बाहेरच्यांना कोण सांगणार?

हे इस्पितळात लिफ्ट चालवतात. वर-खाली करण्यातच केस पिकले, पण कुणाचं बोट कधी दारात सापडू दिलं नाही. लिफ्ट बरेच दिवस खडखडत होती. ह्यांनी मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं, साहेबांनी मान हलवली. झालं! मंगळवारी भरदुपारी ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत हे आणि स्ट्रेचरवरचे एक म्हातारबाबा. स्ट्रेचरपुढे जागा उरली नाही म्हणून त्यांचा मुलगा जिन्याने वर गेलेला. दार उघडेपर्यंत बाबा गेले होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, "'दार उघडत नव्हतं, मी काय करणार? हॅ हॅ,' असे लिफ्टमन हसत म्हणाला." त्याच्याच खाली मोठ्या साहेबांचं बोलणं, इस्त्री केल्यासारखं: "लिफ्टची देखभाल नियमित होते. चूक कर्मचाऱ्याची दिसते."

ह्यांना घरी बसवलं. शुक्रवारी चौकशी, नोकरी राहते की जाते ते तिथेच ठरणार. शेजारीण मला बघून दार लावून घेऊ लागली. आणि बाबांचा मुलगा चौकात सांगत सुटला होता, तो हसरा लिफ्टवाला समोर येऊ दे, त्याचे दात घशात घालतो.

हे पलंगावर बसून भिंतीकडे बघत होते. मी चपला घातल्या आणि तडक पेपरचं ऑफिस गाठलं.

बातमीदार बाई माझ्या भाचीच्या वयाची. मी जसंच्या तसं लिहिलं, म्हणाली, पदरचं काही घातलं नाही. खोटं वाटत असेल तर ऐका. तिने फोनमध्ये टिपून ठेवलेलं ह्यांचं बोलणं लावलं. हसू होतं खरं. त्याच्यापुढे नुसती शांतता. मग नाक ओढल्याचा आवाज, आणि हे हळूच म्हणाले, "बाबांचा हात माझ्याच हातात होता हो."

मी विचारलं, हे कुठंय पेपरात? जागा नव्हती, म्हणाली. मग मी म्हटलं, आता साहेबांचं लाव. नको नको म्हणत लावलं. दुरुस्ती शेवटची कधी झाली, या प्रश्नावर साहेब म्हणत होते, "अं... म्हणजे... त्याचं असं आहे... अं... बघावं लागेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेबांचं अं अं धुऊन काढलंस, आणि आमच्या ह्यांचं हॅ हॅ तेवढं ठेवलंस? धुवायचं तर दोघांचं धू, बाई. नाहीतर दोघांचं राहू दे."

मी आले तशी परत आले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

शुक्रवारी सकाळी पेपरात दोघांचं अख्खं बोलणं होतं, अडखळण्यासकट, गप्प बसण्यासकट. कुणी वाचलं असेल, देव जाणे.

चौकशीच्या खोलीत तो मुलगा पुढच्याच बाकावर. हातात पेपरची सुरळी. ह्यांना पहिलाच प्रश्न विचारला, आत काय झालं? हे उभे राहिले आणि हसले, "हॅ हॅ." कारकून लिहिता लिहिता पुटपुटला, "हसून..."

मुलगा ताडकन उठला. मी डोळे मिटून घेतले.

"हसून खोडा," तो कारकुनाला म्हणाला. "भ्यालाय तो. तसं लिहा." मग ह्यांच्याकडे वळून त्याने विचारलं, "बाबांनी हात घट्ट धरला होता का?"

"हो," हे म्हणाले. "शेवटपर्यंत." आणि हसले नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात मी हे पहिल्यांदा पाहिलं.

मग चौकशीवाल्यांनी मोठ्या साहेबांना दुरुस्तीचं विचारलं. साहेब "अं..." म्हणाले, आणि कारकुनाने तेही लिहून घेतलं.